बखर चार वाजताच्या फोनाची

मजकूर लिहिणे ऐसा जे, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि त्यांस जोडणारी अरुंद बोळ एवढ्या मुलखात मोबाइल नामे यंत्राविरुद्ध जी मोहीम एकवीस दिवस चालली, तिची हकीकत जिन्यात नाना प्रकारे सांगतात. कोणी म्हणतात मोजणीदारसाहेब हरले, कोणी म्हणतात जिंकले, आणि तळमजल्यावरचे काका म्हणतात की मोहीम मुळात आपणच काढली. सबब जे घडले ते वारानिशी आणि वेळेनिशी, हजर असलेल्यांस विचारून येथे उतरले आहे. जे एकाच मुखातून कळले ते तसे सांगितले आहे, आणि जे कोणासच ठाऊक नाही ते लिहिले नाही.

या मुलखाचे धनी मोजणीदारसाहेब. वय अडुसष्ट. जमीन मोजणीच्या खात्यात अडतीस वर्षे चाकरी केली, उन्हात साखळ्या ओढल्या, बांधावरून भाऊ भावावर धावून गेला असता दोघांच्या मध्ये फीत अंथरून उभे राहिले, आणि मग सेवानिवृत्त होऊन घरी मुक्कामास आले. येताना फीत, ओळंबा, कोनमापक आणि चार फूट उंचीची पिवळी तिवई सोबत आणली. त्यांच्या चाकरीचे दोन नियम होते. पहिला ऐसा की, कोणतीही रेघ एकदा मोजून खरी धरू नये; या टोकाकडून त्या टोकास मोजावी, मग उलट फिरून त्या टोकाकडून या टोकास मोजावी, आणि दोन्ही आकडे जुळले तरच कागदावर चढवावी. दुसरा ऐसा की, जागा पायाखाली घातल्याविना नकाशा काढू नये. या मोहिमेत साहेबांनी पहिला नियम पाळला, त्यातही त्यांस आठवण द्यावी लागली. दुसरा ते साफ विसरले.

साहेबांजवळ स्वतःचा फोन नव्हता. ज्यास काम असेल त्याने घरी यावे, असे त्यांचे धोरण होते, आणि ते सदैव घरीच असल्याने धोरणास बाध येत नसे.

बाईसाहेबांजवळ मात्र फोन होता. चिरंजीवांचा जुना, एका कोपऱ्यास तडा गेलेला. त्याचा वापर दिवसातून एकदाच, दुपारी चार ते साडेचार. त्या समयी दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाइतक्या दूरच्या शहरातून त्यांची थोरली बहीण बोलत असे. थोरल्या बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, घरात एकट्या, आणि डोळ्यांनी इतक्या मंद की टीव्ही ऐकत, पाहत नसत. दोघी बहिणींच्या बोलण्यात राज्यकारभाराचा मजकूर काडीचा नसे. दूध उतू गेले का, शेजारणीने नवा पंखा बसवला तो खडखडतो की नाही, लहानपणी विहिरीत पडलेली ती कळशी तुझ्या हातून पडली की माझ्या, ऐसे अर्धा तास चाले. कळशीचा तंटा एकसष्ट वर्षे निकालात निघाला नव्हता आणि तो निघावा अशी कोणाची इच्छाही नव्हती. त्या समयी साहेब आतल्या खोलीत दुपारची झोप घेत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मोहिमेचा उगम सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी झाला. तळमजल्यावरचे काका, ज्यांस अवघी इमारत फॉरवर्डकाका म्हणते, धापा टाकीत तिसऱ्या मजल्यावर रुजू झाले आणि हातातला फोन साहेबांपुढे धरून म्हणाले, "वाचा! फोन उशाशी घेऊन झोपलं की सहा महिन्यांत डोक्याचं वजन पाव किलोनं घटतं!"

साहेबांनी चष्मा लावला, मजकूर दोन वेळ वाचला आणि विचारले, "वजन कुणी केलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"डोकं काढून?"

काका म्हणाले, "तसं काही दिलेलं नाही. पण खाली लिहिलंय, जिवलगांना लगेच पाठवा. मी सत्तावीस जणांना पाठवलं."

"कशावरून?"

"फोनवरूनच की!"

काका गेले. खलित्यावर साहेबांचा विश्वास बसला नाही हे नमूद करणे न्यायाचे आहे. परंतु संशयाचे बी पेरले गेले, आणि ज्या माणसाने अडतीस वर्षे संशय मोजून फेडला त्याच्या हाती बी पडले की तो नांगर शोधू लागतो. त्याच दुपारी साहेबांनी लांबट वही काढली, पट्टीने रकाने आखले, आणि वर लिहिले: नाव, फोन किती मिनिटे, डोके, डोळे, मान, झोप, आणि शेवटी कारण. कारण हा रकाना मोजणी पुरी झाल्यावरच भरावा, आधी भरल्यास आकडे त्याच्या मागे धावतात, असा त्यांच्या खात्याचा दंडक होता.

मग दहा दिवस घरातील प्रत्येकाची सकाळ-संध्याकाळ हजेरी झाली. चिरंजीव लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, वय छत्तीस, फोन हाताच्या तळव्यास उगवल्यासारखा; ते जेवता जेवता "डोकं ठीक, मान ठीक, झोप सहा" ऐसे सांगून मोकळे होत. सूनबाई इस्पितळात क्ष-किरण खात्यात. त्या आकडे नीट सांगत, कारण नोंदवहीचे महत्त्व त्या जाणत. बाईसाहेब पहिल्या दिवशी म्हणाल्या, "झोप झाली की." साहेब म्हणाले, "आकडा सांग." बाई म्हणाल्या, "सात." आणि मान दुखते का, ऐसे विचारता म्हणाल्या, "दुखते बाई संध्याकाळची. रोजचंच आहे."

दहाव्या दिवशी, बुधवारी, साहेबांनी बेरजा मारल्या. अवघ्या घराची डोकेदुखी दहा दिवसांत चार वेळ. डोळे अधूनमधून. परंतु बाईसाहेबांची मान दहापैकी नऊ दिवस दुखली होती, आणि नऊही दिवस चारच्या फोनानंतर. जो एक दिवस वगळला गेला त्या दिवशी थोरल्या बाई दवाखान्यात असल्याने फोन झाला नव्हता. साहेबांनी त्या नवाभोवती लाल पेन्सिलीने कोट बांधला.

संध्याकाळी सात वाजता दरबार भरला. साहेबांनी वही उघडून पुरावा मांडला आणि फर्मावले की, उद्या सकाळपासून या घरात मोबाइल बंद. बाहेरून येणाऱ्याने उंबरठ्यावर यंत्र जमा करावे, पिठाचा जुना पत्र्याचा डबा त्या कामी मुक्रर केला आहे, आणि बाईसाहेबांचा फोन अहोरात्र त्यात राहील.

सूनबाईंनी अर्ज केला. म्हणाल्या, "बाबा, मी दिवसभर क्ष-किरणांच्या बाजूला उभी असते. फोनच्या लहरी त्या जातीच्या नाहीत. क्ष-किरणांत शरीरातले रेणू तोडायचं बळ असतं, यांच्यात तेवढं नसतं. लोकांनी वर्षानुवर्षं तपासलंय, कॅन्सरशी पक्कं नातं काही सापडलेलं नाही."

"म्हणजे धोका नाहीच, असं लेखी देतेस?"

"नाहीच असं छातीठोक कुणी म्हणत नाही. तपास अजून चालू आहे. पण घाबरून डब्यात घालावं असं काही हाती आलेलं नाही."

साहेब थोडा विचार करून म्हणाले, "तुमच्याकडे ते शिशाचं जाकीट असतं ना. एखादं जुनं, कामातून गेलेलं..."

"नाही मिळणार, बाबा."

"बरं. मग हिची मान का दुखते?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही."

"मला येतं," साहेब म्हणाले आणि लाल कोटावर बोट ठेवले.

बाईसाहेब म्हणाल्या, "आणि ताईचं काय?"

"पत्र लिही."

"तिला दिसतं का?"

"कुणाकडून तरी वाचून घेईल."

"कुणाकडून?" बाईंनी विचारले.

तेव्हा सूनबाईंनी निराळा डाव टाकला. "बाबा, ही झाली सुलटी मोजणी. उलटी कुठाय?"

हजर असलेले दोघे साक्षीदार सांगतात की, हे शब्द कानी पडताच साहेबांचा हात वहीवर होता तेथेच राहिला. ज्या माणसाने मोठमोठ्या साहेबांचे नकाशे उलट मोजणी नाही म्हणून परत पाठवले, त्यास स्वतःच्या घरात ऐसे धरले गेले. मग त्यांनी फर्मान दुरुस्त केले: बंदी तूर्त दहा दिवस, तेच रकाने, तेच प्रश्न, दहा दिवसांत बाईसाहेबांची मानदुखी थांबली तर बंदी कायम आणि चारचा फोन कायमचा बंद, न थांबली तर डबा उठवावा. यावर चिरंजीव म्हणाले, "माझ्या कामाचे फोन?" साहेब म्हणाले, "जिन्यात उभा राहून घे." चिरंजीव जिन्यात उभे राहून काय काय करतात याची साहेबांस कल्पना नव्हती, म्हणून चिरंजीवांनी तह चटकन मान्य केला.

गुरुवारी सकाळी बाईसाहेबांनी आपला फोन पदराने पुसला, डब्यात ठेवला आणि झाकण आपल्याच हाताने दाबून बसवले. सूनबाईंनी इस्पितळातून थोरल्या बाईंस इतल्ला दिली की, दहा दिवस फोन येणार नाही, काळजी नसावी, सारे खुशाल आहे. संध्याकाळी येऊन सासूबाईंस म्हणाल्या, "आई, मी रोज दुपारी तिथून मावशींना लावते, काय निरोप असेल तो सांगा."

बाईसाहेब म्हणाल्या, "नको गं. दुसऱ्याच्या तोंडून मला बहीण नको."

आणि त्या दिवसापासून त्यांनी जो मोर्चा लावला तैसा मोर्चा या मुलखात पूर्वी कोणी पाहिला नव्हता. त्यांनी साहेबांशी अबोला धरला नाही. त्यांनी फक्त आकड्यांत बोलावयास आरंभ केला.

साहेबांनी विचारले, "चहात साखर घातलीस का?" त्या म्हणाल्या, "दीड." साहेबांनी विचारले, "दूधवाला आला होता?" त्या म्हणाल्या, "सहा चाळीस." साहेब म्हणाले, "अगं, बरं वाटत नाही का तुला?" त्या म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार." साहेब दोन दिवस खूश होते, कारण इतकी नेमकी उत्तरे त्यांस चाळीस वर्षांच्या संसारात मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहज म्हटले, "तुझी ती कळशीची गोष्ट काय होती गं?" आणि बाईसाहेब म्हणाल्या, "एकसष्ट," आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हापासून साहेबांची खुशी कमी कमी होत गेली, ऐसे सूनबाई सांगतात. साहेबांकडून यास दुजोरा मिळाला नाही.

डब्याचा मोर्चाही सुरळीत राहिला नाही. चिरंजीवांचा फोन आत थरथरू लागला की पत्रा नगाऱ्यासारखा वाजे आणि वरच्या मजल्यावरील बाई काय झाले म्हणून जिन्यात येत. शुक्रवारी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पत्र्यात त्याला रेंज नीट मिळत नाही. रेंज शोधायला तो बिचारा अजून जोर लावतो. तुम्हाला लहरी कमी हव्यात ना?" साहेबांनी ही बाब वहीत टिपली, डबा उठवला आणि त्या जागी वेताची टोपली तैनात केली. मोहिमेतील ही पहिली माघार होय, परंतु कागदोपत्री तिला जागाबदल म्हटले आहे.

त्याच बैठकीत साहेबांच्या मनात आले की, टोपली माणसांपासून किती अंतरावर आहे हे मोजल्यावाचून उलटी मोजणी कच्ची राहील. मग त्यांनी अवघ्या घराचा नकाशा काढावयास घेतला. जमिनीवर मोठा कागद पसरला आणि त्यावर वाकून पलंग, टेबल, खुर्च्या, चूल, प्रत्येकाच्या निजण्याची जागा आणि प्रत्येक जागेपासून टोपलीपर्यंतची रेघ, ऐसे दररोज सकाळी दहा ते एक आणि पुन्हा पाच ते सात रेखाटू लागले. तिवई बोळीच्या तोंडाशी, उंबरठ्यापासून अडीच फुटांवर रोवली.

या तिवईपाशी शनिवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मोहिमेतील एकमेव रक्तपात झाला. चिरंजीव जिना चढून आले. यंत्र उंबरठ्यावर जमा करावयाचे असल्याने अखेरचा संदेश उंबरठ्यापर्यंत लिहावा, हा त्यांचा मनसुबा होता, तो त्यांनी अडीच फूट पुढे नेला. मोठा आवाज झाला. फोन शाबूत, तिवई शाबूत, चिरंजीवांच्या गुडघ्याचे साल निघाले.

"बाबा! ही तिवई दारात कोणी ठेवली?"

"मी. कालपासून आहे."

"दिसली नाही मला!"

"चार फूट उंच आहे. पिवळी आहे. तू काय बघत होतास?"

साहेबांनी वही उघडून उच्चार करीत करीत लिहिले, "मोबाइलपासून इजा, एक."

"बाबा, ही तिवईपासून इजा आहे!"

"तिवई जागची हलली का? मग चालत कोण होतं?"

तंटा वाढला. अखेर बाईसाहेबांस पंच नेमले, कारण घरात निकाल देण्याचा अधिकार त्यांचाच होता. बाईसाहेब दारात उभ्या राहून एकदा तिवईकडे, एकदा लेकाच्या गुडघ्याकडे पाहून म्हणाल्या, "एक." सूनबाई कापूस घेऊन आल्या आणि नवऱ्याचा गुडघा पुसता पुसता म्हणाल्या, "फोनमध्ये बघत जिन्यावरून पडलेले, रस्त्यात धडकलेले माझ्या टेबलावर येतात हो, बाबा. मनगट, घोटा, एकदा तर हनुवटी. मेंदू उकळलेला अजून एकही आला नाही." साहेबांनी हेही टिपले, परंतु समासात.

यापुढील सात दिवस रोजच्या हजेरीत गेले. साहेब सकाळी विचारीत, बाईसाहेब उत्तर देत, आणि त्या खोटे सांगत नसत. साहेबांस चुकीचा आकडा देणे म्हणजे काय ते त्या जाणून होत्या. "मान?" "नाही." "डोकं?" "नाही." "झोप?" "साडेतीन." दुसऱ्या सकाळी "चार." त्याच्या दुसऱ्या सकाळी "तीन." साहेब लिहून घेत. लिहिताना पेन्सिल पूर्वीपेक्षा हळू चाले. दुपारी चारला बाईसाहेब मटारची टोपली घेऊन सवयीने त्याच खिडकीशी बसत, शेंगा सोलीत, आणि साडेचारला उठत. या अर्ध्या तासात त्या काय विचार करीत ते कोणास ठाऊक नाही, सबब लिहिले नाही.

विसाव्या दिवशी, शनिवारी, उलटी मोजणी पुरी झाली. रविवारी सकाळी दहा वाजता, सारी मंडळी घरी असता, साहेबांनी बेरजा जाहीर केल्या. डोकेदुखी: फोन असता चार, फोन नसता चार. येथे त्यांनी घसा साफ केला. बाईसाहेबांची मान: फोन असता नऊ, फोन नसता एक.

अटीप्रमाणे मोहीम फत्ते झाली होती. चारचा फोन गेला होता. बाईसाहेबांनी हातातली पेला-बशी खाली ठेवली, आणि ती ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पुढचा रकाना वाचा."

"वाचतो ना." साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "झोप. फोन असता सरासरी सात. फोन नसता..." आणि ते थांबले. जो आकडा त्यांनी आपल्याच अक्षरात दहा सकाळी लिहिला, त्याच्याखाली त्यांनी पट्टी धरली. "साडेतीन."

"कशानं झाली हो, कमी?" सूनबाईंनी विचारले. "लहरींनी? लहरी तर टोपलीत होत्या."

आकडा नावडता असला तरी खोडता येत नाही, हे साहेबांनी किती उमेदवारांस शिकवले होते. मग ते उठावयास गेले, आणि उठताना त्यांचा हात आपसूक मानेवर गेला आणि तोंडातून "आई गं" निघाले.

"हं! हे कितवं?" सूनबाई म्हणाल्या. त्यांनी साहेबांच्या हातातली वही घेतली आणि पानाच्या तळाशी एक नवी ओळ आखली. "बाबा, तुमचं नाव यात कुठंच नाही. आज आठवा दिवस आहे, तुम्ही रोज उठताना मान धरता. मी मोजतेय."

"मी फोन वापरत नाही."

"तेच तर! मग तुमची का दुखते?"

साहेब उभ्याउभ्या नकाशाकडे पाहू लागले. भला मोठा कागद, जमिनीवर पसरलेला, दिवसाचे पाच तास वाकून काढलेला, एकूण एक अंतर इंचापर्यंत खरे. आणि त्या नकाशात बाईसाहेबांच्या दुपारच्या खिडकीपाशी त्यांनी नुसते एक टिंब दिले होते, कारण ती जागा त्यांनी चार वाजता कधी पाहिलीच नव्हती. चार वाजता ते निजत. जागा पायाखाली न घालता त्यांनी नकाशा काढला होता. हा गुन्हा त्यांच्या खात्यात शिपायासही माफ नसे.

साहेब म्हणाले, "निकाल तहकूब. आज चारला जागेवर जाऊन पाहणी. हिनं फोन लावावा. नेहमी बसते तशी बसावं, नेहमी करते ते करावं, मी काही बोलणार नाही."

त्या दिवशी साहेब जेवणानंतर निजले नाहीत. चार वाजण्यास दहा मिनिटे असता ओळंबा आणि कोनमापक घेऊन ते खिडकीसमोर पाटावर बसले. बाईसाहेबांनी टोपलीतून फोन काढला, पुसला, मटार मांडीवर घेतले आणि नंबर लावला. मग यंत्र उजव्या कानाशी नेले, खांदा वर उचलला, मान खाली मोडली आणि दोहोंच्या चिमटीत फोन पकडून दोन्ही हात शेंगांस मोकळे केले. इतक्या वर्षांत घरातील कोणासही हे दिसले नव्हते, कारण रोज दिसत होते.

पलीकडे एकच घंटा वाजली. थोरल्या बाईंचा आवाज इतका मोठा की खोलीत सर्वांस ऐकू गेला. "जिवंत आहेस का गं, छोटे?"

"आहे की."

"मला वाटलं, कळशीवरून रुसलीस."

"कळशी तुझ्याच हातून पडली."

"गप गं! सुनेनं सांगितलं होतं मला, दहा दिवस नाही म्हणून. पण चार वाजले की हात आपला जातोच बघ. रोज फोन मांडीवर घेऊन बसायचे. वाजणार नाही हे माहीत होतं ना, तरी. साडेचारला ठेवून द्यायचे."

बाईसाहेब म्हणाल्या, "मी पण बसायचे." वीस शब्दांपेक्षा लांब उत्तर द्यावयाची त्यांची रीत, परंतु त्या इतकेच बोलल्या, आणि शेंग सोलीत राहिल्या, ती आधीच सोललेली होती.

साहेबांनी ओळंबा सोडला. दोरी स्थिर झाली. कोनमापक लावून त्यांनी मानेचा झोक वाचला: चाळीस अंश. पुन्हा उलट बाजूने वाचला: चाळीस अंश. दोन्ही आकडे जुळले. मग हजर मंडळींनी पाहिले की, साहेब पाटावरून उठले, बोळीत गेले, पिवळी तिवई उचलून आणली, खिडकीशी बाईसाहेबांसमोर रोवली, तिचे पाय बसत्या माणसाच्या तोंडाइतके आखूड केले, माथ्यावर वेताची टोपली उपडी ठेवली आणि हात पुढे केला. बाईसाहेबांनी मान सरळ करून फोन त्यांच्या हाती दिला, तो साहेबांनी टोपलीवर ठेवला. साहेबांस यंत्राची माहिती नसल्याने आवाज मोठा करण्याचे बटण चिरंजीवांनी लंगडत येऊन दाबले.

"अगं, लांबून येतोय आवाज!" थोरल्या बाई ओरडल्या. "कुठं ठेवलंस मला?"

"तिवईवर."

"कशावर?"

"ह्यांच्या मोजणीच्या तिवईवर."

"अगं बाई! मोजतायत की काय मला?"

तेव्हा साहेब, जे या फोनावर उभ्या हयातीत एक शब्द बोलले नव्हते, ते टोपलीकडे वाकले, वाकल्याचे ध्यानी येताच पुन्हा सरळ झाले, आणि म्हणाले, "नाही ताई. तुमची मोजणी झाली. बोला तुम्ही." आणि इतके बोलून ते आतल्या खोलीत निजावयास गेले. सूनबाई सांगतात की, ते निजले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडले होते. ही खबर एकाच मुखाची आहे.

संध्याकाळी सात वाजता तह झाला, त्यातील कलमे अशी ठरली की, चारचा फोन अबाधित राहावा, मात्र तो तिवईवर, हात मोकळे आणि मान सरळ ठेवून. त्या अर्ध्या तासात साहेबांनी खिडकीच्या खोलीत येऊ नये, पाणी प्यावयासही नाही. चिरंजीवांनी जिना चढता-उतरता आणि रस्ता ओलांडता यंत्र खिशात ठेवावे, आणि निजताना ते बोळीत टोपलीपाशी ठेवावे, डोक्याचे वजन घटते म्हणून नव्हे, तर ते हाती असले की झोपेचे वजन घटते म्हणून. साहेबांनी नकाशा टेबलावर काढावा. आणि लहरींविषयी जाणत्यांचा तपास जैसा पुढे जाईल तैसा सूनबाईंनी दरबारास कळवत जावा, तोवर शिशाच्या जाकिटाचा विषय बंद. सर्वांनी मान्य केले. फॉरवर्डकाकांनी सोमवारी सकाळी हे सारे ऐकले आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी सत्तावीस जणांस कळवले की, मोबाइल तिवईवर ठेवल्यास मान बरी होते, हे मोजणी खात्याने सिद्ध केले आहे. हा मजकूर चुकीचा होय. त्यांस दुरुस्ती पाठवण्यास सांगितले, ती अद्याप गेलेली नाही.

येणेप्रमाणे एकवीस दिवसांची मोहीम संपली. जखमी एक, माघार एक, जागाबदल एक. निशाण कोणाचे चढले याविषयी जिन्यात वाद आहे तो राहो. दफ्तरी जे रुजू आहे ते इतकेच: सोमवारी सकाळी साहेबांनी वही उघडून विचारले, "झोप?" आणि बाईसाहेब म्हणाल्या, "झाली की हो छान. ताई स्वप्नात आली होती, कळशी घेऊन. म्हणते, ही घे, सापडली."

"आकडा सांग," साहेब म्हणाले.

"सात."

साहेबांनी सात लिहिला. मग पट्टी सरकवून उलट्या मोजणीच्या पानावर आले, जेथे तीन, चार, साडेतीन ऐसे दहा आकडे एकाखाली एक उभे होते आणि त्यांच्या उजवीकडे कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. साहेबांनी लाल पेन्सिल ठेवली, शाईचे पेन घेतले, आणि दहाही ओळींस मिळून एक कंस घालून त्यापुढे, शिक्का मारावा तैसे सावकाश, एकच शब्द लिहिला: बहीण.